आठ दिव्यांची साक्ष

मी खोटारडी आहे, असं भरल्या खोलीत ठरलं होतं. माझे आठ दिवे ढळढळीत लागत होते, माझ्या पिल्लाचे आठ दिवे बरोबर त्यांच्या उलट लागत होते, आणि समोर बसलेली चांगली कळती माणसं एकमेकांकडे बघून म्हणत होती, "हिच्यातच बिघाड दिसतोय." एकानेही माझ्यावर विश्वास ठेवला नाही. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी एकेकाची खरडपट्टी काढली असती. पण मला नुसते दिवे दिलेत. तेव्हा आज जरा सविस्तर बोलते. ऐकायचं असेल तर बसा. नसेल ऐकायचं तरी बसा.

मी केबल तपासायची डबी बोलतेय. दुकानात मला टेस्टर म्हणतात, आणि 'तो टेस्टर' असं पुरुषासारखं बोलतात. मी मात्र स्वतःला बाईच समजते. खरं सांगायचं आणि वर मार खायचा, हे काम पुरुषांच्या वाट्याला फारसं येत नाही.

माझं शास्त्र सोपं आहे. एक कॉम्प्युटर दुसऱ्याला जोडायला जी केबल लागते, तिच्या पोटात आठ बारीक तारा असतात, आठ रंगांच्या. केबलच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लास्टिकचा एकेक जॅक बसवायचा. या टोकाला जी तार पहिली, ती त्या टोकालाही पहिलीच पाहिजे. माझे भाग दोन. एक मी, आणि एक माझं पिल्लू. केबलचं एक टोक माझ्यात खुपसायचं, दुसरं पिल्लात. मी पहिला दिवा लावला की पिल्लाने पहिला लावायचा, मी दुसरा की त्याने दुसरा. तार तुटली असेल तर पिल्लू तेवढ्यापुरतं गप्प बसतं. तारा उलट्या बसल्या असतील तर मी वरून खाली मोजते आणि ते खालून वर. याच्यापलीकडे आम्हाला काही येत नाही. गोड बोलता येत नाही, माणूस बघून दिवा लावता येत नाही.

जन्म माझा कारखान्यातला. लांबच लांब टेबल, दोन्हीकडे निळे डगले घातलेल्या बायका. एकीने माझ्यात दिवे बसवले, दुसरीने झाकण लावलं, आणि तिसरीने मला कानाशी धरून हलवून बघितलं, आत काही खुळखुळत नाही ना म्हणून. माणसं जन्माला आल्यावर असं कुणी हलवून बघत नाही. बघायला हवं. पुष्कळांच्या आत काहीतरी सुटं राहिलेलं असतं, आणि ते उगाच चाळीस वर्षं वाजत राहतं.

पहिला मालक मला मिळाला तो केबल टाकणारा मिस्त्री. हाताने जलद, तोंडाने त्याहून जलद. मी 'बरोबर' म्हटलं की तो गिऱ्हाइकाला म्हणायचा, "बघा, कसं काम केलंय." मी 'चूक' म्हटलं की मला भिंतीवर आपटायचा आणि म्हणायचा, "टेस्टर जुना झालाय." मग गिऱ्हाईक पाणी प्यायला आत गेलं की गुपचूप जॅक कापून नवा बसवायचा. माझे दिवे नीट लागायचे. पण त्याने मला कधी 'चुकलो' म्हटलं नाही. त्याच्या घरी त्या शब्दाची पद्धत नसावी.

पुढे त्याने पडदा असलेला नवा टेस्टर घेतला. मी पिशवीच्या तळाशी गेले, खिळे आणि चिकटपट्टीच्या संगतीला. अशात वस्तीतल्या वाचनालयाने आवाहन केलं की कॉम्प्युटरची जुनी अवजारं द्या, आम्ही शिकवणीवर्ग काढतोय. मिस्त्रीने मला दिलं. देताना फोटो काढला. जी वस्तू आपल्याला नकोशी झालीय ती दुसऱ्याला देताना माणसाचा चेहरा किती उजळतो, ते मी जवळून पाहिलंय.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक मोठी खोली होती. तीत चार कॉम्प्युटर, एक लांबट गोल टेबल, आणि दारावर रंगीत कागद: 'कॉम्प्युटर नेटवर्क, सर्वांसाठी. स्वतःच्या हाताने शिका.' वाचनालय चालवणाऱ्या मॅडमना 'सर्वसमावेशक' हा शब्द फार आवडायचा. त्या तो दाताखाली वेलदोडा फुटावा तसा उच्चारायच्या. वर्ग घ्यायला त्यांनी बाहेरून एक सर आणले होते. तरुण, हसतमुख, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. बोलणं इतकं मऊ की कानाला लावायला घ्यावं. दुसऱ्याच दिवशी जिन्यात कुणीतरी त्यांचं नाव लोणीसर पाडलं. मागे सगळे तेच म्हणायचे, तोंडावर कुणाची छाती नव्हती.

शिकायला पंधरावीस माणसं आली. त्यातली तिघं लक्षात ठेवा, बाकीची मीही विसरलेय.

एक इस्त्रीवाली. चाळिशी ओलांडलेली, उंच, आवाज रस्त्याच्या पलीकडे जाईल असा. जिन्याखालच्या जागेत टेबल मांडून तिने सगळ्या गल्लीचे कपडे कडक केले होते, आणि त्यात तिचा उजवा खांदा कामातून गेला होता. डॉक्टर म्हणाले होते, इस्त्री सोड, नाहीतर हात सोडावा लागेल. आणि वर्ग संपल्यावर वाचनालय शिकलेल्यांपैकी एकाला ही कॉम्प्युटरची खोली सांभाळायला ठेवणार होतं. सकाळी उघडायची, केबली बघायच्या, बिघडलेली बदलायची, संध्याकाळी किल्ली लावायची. महिन्याचा पगार आणि बसायला खुर्ची. इस्त्रीवालीला ती खुर्ची हवी होती. उभं राहून तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

दुसरी तिची धाकटी जाऊ. एकाच घरात वर राहणारी. थोरलीच्या इस्त्रीची वाफ जिन्याने वर येते आणि धाकटीच्या भिंती ओल्या होतात, यावरून दोघींचं बोलणं बंद होतं. धाकटी दिसायला गरीब गाय. बोलणं हळू, मान खाली. पण तिलाही तीच खुर्ची हवी होती, आणि ते ती कुणाला दाखवत नव्हती.

तिसरे घड्याळवाले आजोबा. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, आता डोळ्यांपुढे नुसतं धुकं. बोटं मात्र शाबूत.

वर्ग सुरू झाला. स्वतःच्या हाताने शिका म्हटलं होतं ना? पहिला सबंध आठवडा एकच हात हलत होता, लोणीसरांचा. मी, पक्कड, कात्र्या, सगळ्या कुलूपबंद कपाटात. सरांनी लोकरीचा एक गुंडा आणला आणि सगळ्यांना गोल उभं करून तो एकमेकांकडे फेकायला लावला. थोड्या वेळाने सगळे लोकरीत अडकले. सर म्हणाले, "बघा, आपण आत्ता नेटवर्क तयार केलं."

इस्त्रीवाली म्हणाली, "गुंता तयार केलाय. सोडवणार कोण?"

मग त्यांनी स्विच शिकवला. स्विच म्हणजे एक पेटी, सगळ्या कॉम्प्युटरच्या केबली तिच्यात येतात, आणि कुणाचा निरोप कुणाला द्यायचा ते ती ठरवते. इस्त्रीवाली म्हणाली, "म्हणजे आमच्या समोरची शेजारीण."

"साधारण तसंच," सर म्हणाले. "फक्त स्विच निरोप उघडून वाचत नाही."

"मग नाही तशी," इस्त्रीवाली म्हणाली, आणि खोली हसली. धाकटी जाऊसुद्धा हसली, मग आठवण होऊन तोंड आवळलं.

आठवड्याच्या शेवटी आजोबांनीच विचारलं, "सर, हाताने शिकायचं होतं ते कधी?"

"आजोबा, आपण फक्त अनुभव घ्या."

"अनुभव घरी पोत्याने पडलाय, बाळ. पक्कड दे."

इस्त्रीवाली तर कपाटापुढे जाऊन उभीच राहिली. "किल्ली आणा. नाहीतर मी हा कडीकोयंडा हाताने शिकते." तेव्हा कुठे मी बाहेर आले.

आता नीट ऐका, कारण सगळं पाणी इथे मुरलंय.

आठ तारा कुठल्या क्रमाने लावायच्या, त्याचा एक तक्ता असतो. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा असं करत करत शेवटी तपकिरी. सरांनी तो तक्ता स्वतः केला. ज्यांना अक्षर येत नाही त्यांना कमीपणा वाटू नये म्हणून त्यावर एक अक्षर लिहिलं नाही, आकडाही नाही. नुसते आठ रंगीत पट्टे, एकाशेजारी एक. मॅडम म्हणाल्या, "किती सर्वसमावेशक." मग कुणी पुढे, कुणी मागे बसू नये म्हणून सगळ्यांना त्या लांबट टेबलाभोवती बसवलं, अर्धे या बाजूला, अर्धे त्या बाजूला, आणि सरांनी तो तक्ता टेबलाच्या मधोमध चिकटवला. स्वतःच्या खुर्चीतून त्यांना तो सुलटा दिसत होता. झालं. वर तिसरं शहाणपण. "एक टोक तुम्ही करायचं, दुसरं टोक समोरच्या माणसाने. यालाच म्हणतात जोडणं," असं सर म्हणाले आणि आपल्याच वाक्यावर खूश होऊन जरा थांबले.

तुमच्या लक्षात आलं असेल. या बाजूच्याने डावीकडून मोजायला सुरुवात केली ती पांढऱ्या-केशरीपासून, आणि समोरच्याने त्याच्या डावीकडून सुरुवात केली ती तपकिरीपासून. तुम्हाला दोन ओळींत कळलं ते त्या खोलीत कुणाला कळलं नाही, कारण खोलीत तुमच्याऐवजी लोणीसर होते.

केबली झाल्या. मला लावल्या. मी वरून खाली, पिल्लू खालून वर. पहिली केबल तशी, दुसरी तशी, तिसरी तशी.

"बॅटरी उतरली असेल," सर म्हणाले. बॅटरी बदलली. मी नव्या जोमाने तेच सांगितलं.

सरांनी मला तळहातावर थोपटलं. मग टेबलावर थोपटलं. मग आपटलं. मिस्त्री आपटायचा तेव्हा निदान शिवी देऊन आपटायचा, मन मोकळं असायचं. हे हसत हसत आपटत होते. मग त्यांनी स्वतः एक केबल केली, आपल्या खुर्चीत बसून, दोन्ही टोकं स्वतःच. मी सगळे दिवे सरळ लावले. कुणालाही वाटलं असतं की टेस्टर चांगला आहे, म्हणजे या लोकांच्या केबलींमध्ये काहीतरी होतंय, बघू या काय ते. सरांनी निकाल काढला, "टेस्टर कधी बरोबर सांगतो, कधी चूक. भरवशाचा नाही. आणि तुमचंही लक्ष नाही." काम जमलं की सर 'आपण' म्हणायचे, फसलं की 'तुम्ही'. ती त्यांची पद्धत.

त्यांच्याशिवाय आणखी एकाच माणसाच्या केबलीला माझे दिवे सरळ लागले. इस्त्रीवालीच्या. का? कारण तिच्या समोर बसली होती धाकटी जाऊ, आणि थोरलीने पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं, "माझ्या केबलीला तिचा हात लागायचा नाही. दोन्ही टोकं मी करीन."

"ताई, सहकार्य हा या वर्गाचा गाभा आहे," मॅडम म्हणाल्या.

"घरी या आमच्या. गाभा दाखवते," इस्त्रीवाली म्हणाली.

मग धाकटीची जोडी लावली आजोबांशी. ते थोरलीच्या शेजारी बसायचे. त्यांना रंग दिसत नव्हते, तर शेजारून थोरली हळू आवाजात सांगायची, "ही पांढरी-केशरी, ही केशरी, दाबा. आता पुढची." आजोबांची बोटं तारा अशी बसवायची की बघत राहावं. आणि त्यांची आणि धाकटीची केबल दर वेळी उलटी.

तिसऱ्या वेळी धाकटीने मान खाली घालूनच सांगितलं, "सर, बोलू नये, पण जाऊबाई आजोबांना रंग मुद्दाम उलटे सांगतात. माझी केबल होऊ नये म्हणून. स्वतःची बरोबर होते, मग माझीच कशी होत नाही?"

थोरलीने हातातली केबल खाली टाकली.

"काय म्हणालीस?" थोरली म्हणाली.

"मी काही म्हणत नाही. दिवेच म्हणतायत."

बघा. ज्या दिव्यांवर सकाळपासून कुणाचा विश्वास नव्हता, ते भांडणाच्या उपयोगाचे निघाल्याबरोबर देवाघरचे साक्षीदार झाले. मला म्हणावंसं वाटलं, बायांनो, मी तारा उलट्या आहेत एवढंच सांगतेय, मनं उलटी आहेत का ते माझ्या पोटात लिहिलेलं नाही. पण माझ्याकडे बघतंय कोण.

थोरली उभी राहिली. "मी आजोबांना फसवलं? ज्यांना दिसत नाही त्यांना? वाफेवरून तुझं माझं वाकडं आहे, ते मी जिन्यात ओरडून सांगते, लपवत नाही. पण असलं काळं काम मी केलं नाही. सर, तुम्ही सांगा हिला."

सरांना उत्तर ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही म्हणायचीही त्यांना लाज वाटत होती. अशा वेळी कुणीतरी आयतं उत्तर आणून दिलं तर माणूस दोन्ही हातांनी घेतो. ते दुखावल्या आवाजात म्हणाले, "ताई, स्पर्धेची भावना मनात आली की शिकणं थांबतं. आणि तुमचं बघून बाकीचेही गोंधळतायत." म्हणजे आता सगळ्या खोलीच्या उलट्या केबली तिच्या गळ्यात.

आजोबा म्हणाले, "ती नीट सांगते हो मला."

"आजोबा, आपल्याला दिसत नाही ना," सर किती प्रेमाने म्हणाले. आजोबांनी पक्कड खाली ठेवली.

मॅडमनी त्याच दिवशी ठरवलं, इस्त्रीवाली पुढे शिकेल, पण टेबलापाशी बसणार नाही. समारोपाला बाहेरच्या संस्थेच्या पाहुण्याबाई येणार होत्या, त्यांच्यासमोर ती पाणी देईल. आणि खोलीची किल्ली सहकार्याचा स्वभाव असलेल्या धाकटीला मिळेल. खांद्यावरून पदर ओढून थोरली खिडकीशी जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी मात्र आली. तिसऱ्या दिवशीही आली. कपाळावर ठपका घेऊन घरी बसणाऱ्यातली ती नव्हती.

समारोपाचा दिवस उजाडला. आदल्या दिवशी लोणीसरांनी सगळ्या केबली स्वतः बसून केल्या, आणि त्या शिकणाऱ्यांनी केल्या म्हणून कॉम्प्युटरला लावल्या. स्वतःच्या हाताने शिका म्हणतात ते हे. चारही कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायला लागले, या पडद्यावर लिहिलेलं त्या पडद्यावर उमटायला लागलं. पाहुण्याबाई चष्मा सावरत म्हणाल्या, "फार छान. आता यातल्या दोघांनी आमच्यासमोर एक केबल करून दाखवा."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. पण मॅडमना वाटलं, फोटो चांगला येईल. त्यांनी आजोबांना आणि धाकटीला समोरासमोर बसवलं. आजोबांना रंग सांगायला त्या स्वतः त्यांच्या शेजारी बसल्या, आणि तक्त्यावर बोट ठेवून एकेक रंग मोठ्याने वाचला. केबल झाली. मला बाहेर काढलं. मी वरून खाली, पिल्लू खालून वर.

"टेस्टर जुना आहे," सर लगेच म्हणाले. "बदलायचाच आहे."

केबल कॉम्प्युटरला लावली. निरोप जाईना. पडदा ढिम्म हलेना. आता मला जुनं म्हणून भागणार नव्हतं.

खिडकीशी पाण्याचा तांब्या आपटल्याचा आवाज झाला. इस्त्रीवाली पुढे आली. "आता कोणी सांगितले रंग? मी तर तिकडे बसले होते. मॅडमनी सांगितले ना? मग मॅडमचं हिच्याशी काय वाकडं आहे?"

"ताई, पाहुण्यांसमोर नको," मॅडम म्हणाल्या.

"पाहुण्यांसमोरच पाणी द्यायला उभं केलंत ना मला? मग पाहुण्यांसमोरच बोलीन." ती टेबलाला वळसा घालून तडक धाकटीच्या बाजूला गेली. खरं सांगते, तिचा हात उचलला जाणार असंच मला वाटलं. धाकटी खुर्चीत आक्रसून बसली. थोरली तिच्या डोक्यावर उभी राहिली, टेबलाकडे बोट केलं आणि म्हणाली, "मी आजोबांना हे असं सांगत होते. ही पहिली पांढरी-केश..."

आणि थांबली. तिथून पहिली तपकिरी होती.

मान वाकडी केली, पुन्हा बघितलं. "तू कुठून मोजतेस?"

"पहिल्यापासून."

"पहिली कुठली?"

धाकटीने डावीकडच्या तपकिरी पट्ट्यावर बोट ठेवलं. "ही. सगळे इकडचे इथूनच मोजतो."

इतके दिवस दोघी एका टेबलाशी बसल्या, जन्म एका जिन्यात काढला, पण एकीने दुसरीच्या बाजूला उभं राहून बघितलं ते तेव्हा, आणि तेही मारायला गेली म्हणून. थोरलीने बाजूची खुर्ची ओढली, धाकटीच्या शेजारी बसली. "घे ते टोक. मी हे घेते. तुझ्या डावीकडून मोजू." धाकटीने घाई केली. एक जॅक वाया गेला. थोरली म्हणाली, "हळू. कुणी मागे लागलेलं नाही."

मला केबल लावली. मी पहिला दिवा लावला, पिल्लाने पहिला लावला. मी दुसरा, त्याने दुसरा. असं थेट आठव्यापर्यंत.

लोणीसर पाहुण्याबाईंकडे वळले. "आपल्याला हेच दाखवायचं होतं. चुकांमधून शिकणं." पाहुण्याबाईंनी मान डोलावली. तो माणूस विहिरीत पडला तरी वर येऊन सांगेल, खोली मोजायला उतरलो होतो.

मी आता त्याच खोलीत असते. कपाटात नाही, दाराशेजारच्या खिळ्याला, पिल्लू शेजारच्या खिळ्याला. अंगावर ओरखडे आहेत, एका कोपऱ्याचं प्लास्टिक उडालंय. किल्ली इस्त्रीवालीच्या कमरेला असते. ती रोज खुर्चीवर बसते आणि बसताना अजून दर वेळी जरा हसते. तक्त्यावर तिने एका कडेला मोठी रेघ ओढलीय आणि नव्याने येणाऱ्याला दरडावून सांगते, "रेघेपासून मोजायचं. बसा कुठेही." आजोबा दुपारी येऊन जॅक बसवून देतात. वाफ अजून जिन्याने वर जाते की नाही, मला माहीत नाही. इस्त्री आता तिचा नवरा करतो, आणि वाईट करतो असं ऐकलंय.

माझी एवढीच विनवणी आहे. दिवा चुकीचा लागला तर आधी तार बघा. मला आपटून तार सरळ होत नाही. घरातल्या ज्या माणसाला खरं बोलायची खोड असते, त्यालाही हेच लागू, पण ते सांगायची माझी पायरी नाही.

किल्ली इस्त्रीवालीला मिळाली कशी, तेवढं सांगते आणि गप्प बसते.

पाहुण्याबाई गेल्या. फोटो झाले. मॅडमनी ठरल्याप्रमाणे किल्ली धाकटीच्या हातात दिली. "इस्त्रीवाल्या ताईंबद्दल तक्रार आली होती," त्या म्हणाल्या. "झालं ते झालं. आपण कुणाला दोष नको देऊ या."

"मला दिलात तेव्हा कसा चालला?" थोरली म्हणाली. "किल्ली हिच्याकडेच राहू दे, मी मागत नाही. पण मी आंधळ्या म्हाताऱ्याला फसवलं, असं या खोलीत माझं नाव घेऊन सांगितलं गेलंय. ते पुसा. ज्याच्यामुळे झालं त्याचं नाव घ्या, इथेच, सगळ्यांसमोर. त्याशिवाय मी या दारातून हलणार नाही."

ती खरोखर दारात उभी राहिली. ती दारात उभी राहिली की दार उरत नाही.

सर म्हणाले, "मुळात या टेबलाचा आकारच चमत्कारिक आहे. सुताराने जर..."

"सुतार वारला," आजोबा म्हणाले. "त्याला सोडा."

"उजेडही कमी पडतो."

"मला उजेड आहे तसा कमीच," आजोबा म्हणाले.

"टेस्टरने स्पष्ट सांगायला हवं होतं." असं म्हणून सरांनी माझ्याकडे बोट केलं. तेव्हा मात्र खोलीतली माणसं हसली. पहिल्यांदाच मला बघून नाही, माझ्या बाजूने.

"तक्ता कोणी चिकटवला, ते सगळ्यांना ठाऊक आहे," थोरली म्हणाली. "पण मी नाही बोलणार. मी बोलले तर पुन्हा म्हणाल, ही भांडकुदळ आहे." ती धाकटीकडे वळली. "ज्या तोंडाने माझं नाव घेतलंस, त्याच तोंडाने घे."

धाकटीने सरांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघून हसत होते, तेच ते मऊ हसू, आणि हळूच मान हलवत होते, नको म्हणून. पुढच्या वर्गाला तिला मदतनीस म्हणून घ्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. हातात किल्ली होती. खुर्ची समोर होती. नुसतं गप्प राहिली असती तरी दोन्ही तिचं झालं असतं.

तिने किल्ली टेबलावर ठेवली आणि बोटाने थोरलीकडे सरकवली.

"जाऊबाई खरं सांगत होत्या," ती म्हणाली. मान पहिल्यांदा वर होती. "चूक तक्ता चिकटवणाऱ्याची. आणि कळलं नाही हे कबूल न करता जाऊबाईंच्या गळ्यात घालणाऱ्याची. दोघं म्हणजे एकच माणूस."

"नाव," थोरली म्हणाली.

धाकटीने मग ते नाव घेतलं. खरं नाव तिला आठवलं नाही, की आठवूनही तिने टाळलं, मला ठाऊक नाही. जे आम्ही सगळे जिन्यात म्हणायचो, आणि तोंडावर कुणाची छाती नव्हती, तेच तिने त्यांच्या तोंडावर घेतलं.

"लोणीसर."